हार्प: रोज तासभर बसतो, तरी बोटं तारांत हरवतात. सराव नेमका कसा करता?

ओंजळ:

नमस्कार. आठ महिन्यांपूर्वी 34 तारांचा लिव्हर हार्प घेतला (प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाला एक छोटी कळ असते, ती लिव्हर; वर केली की त्या तारेचा सूर अर्ध्या स्वराने चढतो). त्याआधी बारा वर्षं कीबोर्ड वाजवला होता. नोटेशन वाचता येतं, दोन हातांना दोन वेगळी कामं सांगता येतात, एवढ्या भांडवलावर 'सहा महिन्यांत काहीतरी ऐकवतो' असं घरी सांगून बसलो. आता कोणी 'कुठवर आलं?' विचारलं की मी फडकं घेऊन तारा पुसायला लागतो.

शिक्षिका ऑनलाइन शिकवतात, पंधरा दिवसांतून एकदा. मधले चौदा दिवस मी आणि हार्प. रोज रात्री सलग एक तास बसतो, खाडा करत नाही. तरी गाडी अडलेली आहे ती अशी.

बोटं हरवतात. लाल तार सी, काळी तार एफ, हे पाठ आहे. पण वाजवायला लागलो की सगळ्यांची मिळून एक जाळी दिसते. तारांकडे बघावं तर कागदावरची जागा सुटते, कागदाकडे बघावं तर बोट शेजारच्या तारेवर. कीबोर्डवर काळ्या पट्ट्या चाचपता यायच्या, इथे चाचपायला काहीच नाही.

एक ओळ संपवून पुढच्या तारांवर बोटं ठेवायला गेलो की 'झर्र' असा घाणेरडा आवाज येतो. रेकॉर्डिंग ऐकलं तर वाटतं, खोलीत गांधीलमाशी शिरलीय.

फोड येतात. उजव्या अंगठ्याला आणि तर्जनीला तर कायमचे. बरे होईपर्यंत दोन-तीन दिवस जातात, आणि मग परत तेच.

आणि खरं दुखणं शेवटचं. एक आठ ओळींची साधी चाल दीड महिना वाजवतोय. तिसऱ्या ओळीच्या शेवटी अडखळतो. रोज, त्याच ठिकाणी. शिक्षिका म्हणतात, 'हळू वाजवा.' हळू वाजवतो. मग हळू अडखळतो.

तुम्ही लोक त्या एका तासात नेमकं करता काय? मिनिटांच्या हिशेबात सांगितलंत तरी चालेल.


लाल तार:

'हळू अडखळतो' वाचून मोठ्याने हसले. माफ करा, पण तुम्ही स्वतःच दुखणं अचूक सांगितलंय, फक्त ते कशामुळे आहे ते तुम्हाला दिसत नाहीये.

मी एकेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली, आता अकरा वर्षं झाली. मैफली करत नाही, शिकवतही नाही. पण तुम्ही सांगितलेल्या चारही खड्ड्यांत पडून उठले आहे. पाचवाही एक आहे, त्यात तुम्ही पडू नये म्हणूनच खरं तर एवढं लांबलचक लिहिते आहे.

कीबोर्डवर पट्टी दाबली की सूर सुरू होतो. बोट खाली, आवाज चालू. हार्पवर उलटं आहे. बोट तारेला टेकतं तेव्हा शांतता असते, उलट तार आधी वाजत असेल तर ती थांबते. आवाज येतो तो बोट तार सोडतं तेव्हा. म्हणजे इथे एका सुरात दोन कामं आहेत, आधी ठेवणं आणि मग सोडणं. कीबोर्डवरून आलेला माणूस आठ महिने फक्त दुसऱ्याचा सराव करतो, कारण पहिलं काम असतं हे त्याच्या हाताला ठाऊकच नसतं. मला ते कळायला दीड वर्ष लागलं. तुमची तिसरी ओळ सुरांमुळे अडखळत नाही. तिथले सूर तुम्हाला केव्हाच पाठ झालेत. अडखळतं आहे ते चौथ्या ओळीचं ठेवणं. आणि ठेवण्याचा सराव केलेलाच नसल्यामुळे तुम्ही कितीही हळू गेलात तरी त्या जागी हात हवेत असतो.

चार सूर चढत जाणारे घ्या. हार्पवर करंगळी वापरत नाहीत, म्हणून बोटं चारच: अंगठा एक, तर्जनी दोन, मधलं तीन, अनामिका चार. चढताना चार-तीन-दोन-एक. इथे तुमच्या उजव्या हाताची गफलत होत असणार, कारण कीबोर्डवर उजवा अंगठा सर्वांत खालच्या सुरावर असतो आणि हार्पवर दोन्ही अंगठे वरच्या सुरावर. तुमचा डावा हात उजव्यापेक्षा लवकर शहाणा झाला असेल, बघा आठवून. माझा झाला होता, आणि मला वाटायचं की मी मुळात डावखुरी असावी.

तर पहिला सूर वाजवायच्या आधी चारही बोटं आपापल्या तारांवर बसलेली हवीत. चारही, एकदम. मग एकेक सोडायचं. आणि चार सुरांनंतर आणखी चार चढायचे असतील तर अंगठा वाजण्याच्या आधी, म्हणजे अंगठा अजून तारेवर असतानाच, अनामिका त्याच्या खालून पुढच्या तारेवर जाऊन बसते. मगच अंगठा सुटतो. उतरताना अनामिका तारेवर असताना अंगठा वरून पलीकडे जातो. शिडी चढताना आपण दोन्ही हात एकदम सोडत नाही, तसंच. हात सगळाच्या सगळा हवेत गेला की परत कुठे उतरायचं हा प्रश्न येतो, आणि तुमचं 'हरवणं' तिथून सुरू होतं.

आता सराव. मेट्रोनोम 50 वर लावा, म्हणजे मिनिटाला 50 ठोके. पहिल्या ठोक्याला चारही बोटं तारांवर, आवाज शून्य. पुढच्या चार ठोक्यांना चार सूर. पुन्हा एका ठोक्याला ठेवणं. हे कानाला अतिशय कंटाळवाणं आहे, कारण मध्ये भोकं पडतात आणि चालीची चाल राहत नाही. पण हाताला पहिल्यांदाच कळतं की ठेवण्यालाही वेळ असतो. ते अंगवळणी पडलं की ठेवण्याचा वेगळा ठोका काढून टाकायचा.

आणि तिसऱ्या ओळीसाठी वेगळं औषध. ओळ अख्खी वाजवू नका. तिचा शेवटचा एक सूर वाजवा आणि लगेच चौथ्या ओळीची बोटं ठेवा. थांबा. वाजवू नका. खाली बघा, सगळी बोटं योग्य तारांवर आहेत? हात उचला, परत करा. सलग दहा वेळा बरोबर बसली की मगच चौथ्या ओळीचा पहिला सूर. न वाजवता थांबणं फार जड जातं, हाताला खाज सुटते. पण वाजवलंत की कान खूश होतो आणि चुकलेलं ठेवणं झाकलं जातं.

'झर्र' हा ठेवण्याचाच भाऊ आहे. हलत्या तारेवर बोट भीत भीत, हळूहळू नेलं की ती बोटावर आपटत राहते. बोट एकदाच, ठामपणे, मांसल भागाने टेकवा. नखं अगदी कापलेली हवीत, पेराच्या पुढे कणभरही नकोत. दुसरी गोष्ट, मी वर 'आधीच ठेवा' म्हटलं खरं, पण जी तार अजून वाजते आहे आणि तीच पुन्हा वाजवायची आहे तिच्यावर लवकर बोट ठेवलं तर तो सूर अर्ध्यावर मरतो. तिथे उशिरा जायचं, अगदी वाजवायच्या क्षणाआधी. मी नोटेशनवर अशा जागी पेन्सिलने छोटा 'उ' काढते. उ म्हणजे उशिरा. एका चालीत माझे अकरा 'उ' आहेत.

तारांच्या जाळीबद्दल. तुम्ही मान पुढे काढून तारा समोरून बघायचा प्रयत्न करत असणार, सगळे करतात. त्याने जाळी जास्तच दाट दिसते, आणि मान दुखते ती वेगळी. हार्प मागे कलवून तो स्वतःच्या तोलावर जवळजवळ उभा राहील अशी जागा शोधा, उजव्या खांद्याला फक्त टेकलेला, ओझं नको. स्टुलाची उंची त्यावरून ठरवा. कागदाचा स्टँड डाव्या बाजूला, तारांच्या जितका जवळ आणता येईल तितका आणा, म्हणजे मान न वळवता नुसती नजर सरकेल. डावा हात नजरेसमोर असतो, त्यामुळे लांब उड्या त्याच्या असतील तेव्हा त्याच्याकडे बघा आणि उजव्याला स्पर्शावर सोडा.

पण खरा उपाय परत तोच. बोटं आधी ठेवलेली असली की डोळे मोकळे होतात. चार सूर वाजेपर्यंत तारांकडे बघायचं कारणच उरत नाही, तेवढ्यात कागदावरचे पुढचे चार वाचून होतात. तुम्ही एकेक तार शोधत वाजवता, म्हणून नजरेला दर सुराला तारांकडे धावावं लागतं.

स्पर्शासाठी मी एक खेळ खेळायचे. डोळे मिटून अंगठा कुठल्याही तारेवर, अनामिका तिच्या खाली एका सप्तकावर. दोन्ही एकदम वाजवायच्या. सप्तक लागलं की नाही ते कान सांगतो, डोळे उघडायची गरज नाही. कीबोर्डपेक्षा इथे सप्तक अरुंद आहे, तुमचा हात सुरुवातीला एखादी तार पलीकडे जाईल. आठवडाभरात तो मापात येतो. तेवढं एक माप हाताला मिळालं की पाचवं, चौथं, तिसरं त्याच्या आत बसतात.

फोडांचं सोपं आहे. सलग तास वाजवू नका. पंधरा-वीस मिनिटांच्या तीन बैठका करा, मध्ये निदान तासाचं अंतर. बोट गरम झाल्यासारखं वाटलं की उठायचं. फोड त्याच्या पुढच्या पाच मिनिटांत येतो. हात धुतल्यावर, अंघोळीनंतर लगेच बसू नका, कातडी मऊ असते. आलेला फोड फोडू नका. दोन-तीन महिने असे शिस्तीत गेले की घट्टे पडतात आणि हा विषय संपतो. घट्टा फार जाड झाला तर मात्र तारेवर 'टक' वाजतो, तेव्हा कानशीने हलकेच घासायचा.

आता पाचवा खड्डा. तिसऱ्या वर्षी वीसेक लोकांसमोर एक छोटा तुकडा वाजवायचा होता. मी तीन आठवडे रोज तीन-तीन तास बसले. चौथ्या आठवड्यात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी इतकं दुखायला लागलं की बाटलीचं झाकण उघडेना. डॉक्टरांनी सहा आठवडे हार्प बंद केला. वाजवणं तर राहिलंच. नंतर जुने व्हिडिओ पाहिले तेव्हा दिसलं: सूर सुटल्यावर माझा अंगठा ताठच राहायचा, लिफ्ट मागितल्यासारखा. सूर सुटल्यावर बोटं तळहाताकडे मिटायला हवीत, अंगठा तर्जनीवर पडायला हवा, आणि तिथे क्षणभर का होईना, सगळा हात सैल सुटायला हवा. आपण जोर लावतो त्याने हात बिघडत नाही हो, जोर काढायचा विसरतो त्याने बिघडतो. दुसऱ्या दिवशीही उरणारं दुखणं किंवा बोटाला मुंग्या, यातलं काहीही झालं तर वाजवणं थांबवून डॉक्टरकडे जा. 'सरावाने जाईल' हे मी स्वतःला सांगितलं होतं.

मिनिटांचा हिशेब मागितलात. माझ्या पहिल्या बैठकीत आठ-दहा मिनिटं तारा जुळवण्यात जातात, मग चार बोटांचं ठेवणं-सोडणं, संपलं. चाल नाहीच. दुसऱ्या बैठकीत चालीतले फक्त सांधे, तेही दोन किंवा तीन. तिसरीत मनाला येईल ते, चुकत, मजेत. ही तिसरी बैठक मी कधी सोडत नाही. पहिल्या दोन सोडल्यात पुष्कळदा.


करंगळी बेकार:

लाल तार यांनी हार्पवाल्यांचं सगळं गुपित फोडलं, आता आम्ही काय लिहायचं.

'झर्र'बद्दल एक भर. दरवेळी बोटच दोषी नसतं. मी एकदा आठवडाभर स्वतःच्या अनामिकेला शिव्या घालत होतो. शेवटी कळलं की मी नवीन बसवलेल्या तारेचं गाठीपलीकडचं शेपूट लांब राहिलंय आणि ते आतून साउंडबोर्डला, म्हणजे तारा जिथे बसवतात त्या लाकडी फळीला, लागून कंप पावतंय. कात्रीने दोन सेंटिमीटर कापलं, अनामिका निर्दोष सुटली. म्हणून आधी तपासा: बोट न ठेवता, नुसती तार छेडून सोडली तरी झर्र येतं का? येत असेल तर शेपूट बघा, लिव्हर पूर्ण वर गेलाय का बघा, अर्धवट अडकलेला लिव्हर हमखास कुरकुरतो. आणि खोलीतल्या वस्तूही बघा. माझ्याकडे एक फोटोफ्रेम फक्त एका विशिष्ट जी-ला साथ देते.

जुळवण्याबद्दल कोणी फार बोललं नाही, आणि नवशिके तिथेच कंटाळतात. ओंजळ, तुमचे 34 लिव्हर सगळे खाली करून ई फ्लॅट मेजरमध्ये लावता ना? तसं लावलं तर लिव्हर वर-खाली करून तीन फ्लॅटपासून (फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर उतरलेला) चार शार्पपर्यंत (शार्प म्हणजे अर्धा स्वर चढलेला) आठ मेजर स्वरपट्ट्या मिळतात. सगळे ई, ए आणि बी यांचे लिव्हर वर केले की सी मेजर तयार. काही जण थेट सी मेजरमध्ये लावतात, तेव्हा फ्लॅटवाली चाल आली की खुंट्या फिरवत बसावं लागतं. ट्यूनर 440 वर (मधल्या ए-ची कंपनसंख्या, हर्ट्झमध्ये) आहे ना तेही एकदा बघा. चुकून 442 वर गेलेला ट्यूनर घेऊन मी एका बासरीवाल्याचा अख्खा दिवस वाया घालवला आहे.

रोज जुळवा. नुसतं ट्यूनरच्या काट्याकडे बघून नाही. मधलं एक सप्तक ट्यूनरवर लावा आणि बाकीचं त्याच्याशी सप्तक मिळवत कानाने, मग ट्यूनरवर पडताळा. लाल तार डोळे मिटून सप्तकाचा खेळ खेळतात म्हणाल्या ना, तो इथे फुकटात होतो. नवी तार बसवली असेल तर ती कितीतरी दिवस उतरत राहणार, त्यात तुमचा दोष नाही, तारेला ताणायला वेळ लागतो.

मी पेडल हार्पवाला आहे, म्हणजे लिव्हरऐवजी पायांनी सूर चढवतो-उतरवतो. 47 तारा, सात पेडल, प्रत्येकाला तीन खाचा. ही दुहेरी यंत्रणा सेबास्तियाँ एरार यांनी 1810 साली पेटंट केली आणि तेव्हापासून आमच्यासारखे लोक हातांइतकाच पायांचाही सराव करत आलेत. तुम्हाला ते लागू नाही, पण एक गोष्ट उपयोगी पडेल: पेडलचा सराव आम्ही हात मांडीवर ठेवून, नुसत्या पायांनी करतो, चाल मनात म्हणत. तुम्ही लिव्हरचं तसंच करा. चाल तोंडाने गुणगुणा आणि फक्त डाव्या हाताने योग्य वेळी योग्य लिव्हर उचला.

लाल तार यांच्याशी एका बाबतीत भांडण. सूर सुटल्यावर बोटं मिटून हात तारांजवळच ठेवायचा, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. मी शिकलो ती साल्झेडो पद्धत (हार्पवादक कार्लोस साल्झेडो यांची), त्यात कोपरं उंच, आणि सूर वाजल्यावर हात तारांपासून दूर उचलला जातो. ते दिखाव्यासाठी नाही. हात उचलताना खांद्यापासून सगळं सैल होतं.


लाल तार:

भांडण मान्य. मी शिकले ती फ्रेंच पठडी, उजवं मनगट साउंडबोर्डच्या कडेला हलकंच टेकलेलं. दोन्हींत उत्तम वाजवणारे आहेत. ओंजळ यांनी त्यांच्या शिक्षिकांचं ऐकावं, पहिल्या वर्षात दोन पद्धतींची खिचडी करू नये. मी केली होती, कोपर उंच आणि मनगट टेकलेलं. कसं दिसत असेल विचार करा.


खर्जातली:

मी मुलांना शिकवते, पेडल नाही, छोटे लिव्हर हार्प. वरचं सगळं पटलं, फक्त 'चारही बोटं एकदम ठेवा' यावर थोडं.

सुरुवातीला हो, चारही एकदम. पण ते कायमचं नाही. चाल वाहती असेल आणि पुढच्या तारा आधीच्या गटातून अजून वाजत असतील तर चारही बोटं एकदम टेकवल्याने चारही तारा गप्प होतात आणि ओळ तुटक ऐकू येते. तिथे बोटं एकामागून एक बसवायची, पुढचं बोट आपल्या पाळीच्या जरा आधी. म्हणजे लाल तार ज्याला 'उ' म्हणतात तेच, पण संपूर्ण गटाला लावलेलं. आधी एकदम ठेवता यायला लागल्याशिवाय हे शिकायला जाऊ नये, नाहीतर मुलं याच नावाखाली एकेक तार शोधायला लागतात. मोठी माणसंही.

दुसरं, सगळे सूर सुरू कसे करायचे यावर बोलतोय, पण हार्पवर सूर संपवायलाही शिकावं लागतं. खर्जातल्या धातूच्या गुंडाळी तारा खूप वेळ गुंजत राहतात. आधीच्या ओळीचा खर्ज पुढच्या ओळीखाली घुमत राहिला की अख्खी चाल चिखलात गेल्यासारखी वाटते, आणि वाजवणारा समजतो की आपण वरचे सूर चुकीचे वाजवले. डावा तळहात सपाट करून त्या तारांवर हलकेच टेकवा. माझ्याकडे मुलं तीन मिनिटं नुसतं हेच करतात: एक खर्ज वाजव, चार मोज, तळहाताने विझव. 'विझव' म्हटलं की त्यांना लगेच कळतं.

ओंजळ, तुमच्या तिसऱ्या ओळीच्या शेवटी डाव्या हाताला लांब उडी आहे का? असेल तर मला अडखळण्याचं कारण तिथे दिसतंय.


ओंजळ:

तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण आधी करून बघावं म्हटलं.

खर्जातली, तुम्ही न ऐकता ओळखलंत. तिसऱ्या ओळीच्या शेवटी डावा हात एका सप्तकाहून जास्त खाली जातो. मी सगळं लक्ष उजव्यावर ठेवून बसलो होतो. लाल तार यांचं 'वाजवा, ठेवा, थांबा' हे दोन्ही हातांनी केलं. पहिल्या संध्याकाळी सलग दहा वेळा बरोबर यायला चाळीस मिनिटं लागली. चौथ्या दिवशी सहा मिनिटं. न वाजवता थांबताना हाताला खरंच खाज सुटते! आता ती ओळ अडखळत नाही. सातवी अडखळते. पण सातवीत काय शोधायचं ते माहीत आहे.

उजवा हात उलटा झालाय, हे कळल्यावर मी बोटांचे आकडे कागदावर स्वतः लिहिले. सगळे. कीबोर्डच्या सवयीने लिहिलेले निम्मे खोडावे लागले.

फोड एकच आला. तोही ज्या दिवशी उत्साहात दुसरी आणि तिसरी बैठक जोडली, त्या दिवशी.

झर्र निम्म्यावर आलंय. उरलेल्यातलं अर्धं एका डी-च्या लिव्हरचं निघालं, करंगळी बेकार यांचे आभार. फोटोफ्रेम माझ्याकडे नाही, पण एक चमचा सापडला.

आता नवा प्रश्न. पुढची चाल जी मेजरमध्ये आहे, म्हणजे एफ शार्प. मध्ये एकाच ठिकाणी साधा एफ येतो आणि चार मात्रांनी परत शार्प. लिव्हर डाव्या हाताने खाली करायचा, पण नेमका त्याच मात्रेवर डाव्या हाताला खर्जही वाजवायचा आहे. माझ्याकडे तिसरा हात नाही.


लाल तार:

तिसरा हात नको, कागद नीट बघा. तो साधा एफ ज्या सप्तकात आहे त्या एकाच तारेचा लिव्हर हलवायचा आहे, बाकीच्या एफना हात लावायचा नाही. आता मागे मागे जा. त्याच तारेवरचा एफ शार्प शेवटचा कधी वाजला? बहुतेक एक-दोन ओळी आधी. त्यानंतर डाव्या हाताला जिथे श्वास मिळतो तिथेच लिव्हर खाली करून टाका, प्रत्यक्ष मात्रेची वाट बघू नका. फक्त ती तार वाजत असताना हलवू नका, सूर घसरल्यासारखा ऐकू येतो. विझली की हलवा, नाहीतर बोटाने विझवून हलवा.

आणि श्वास कुठेच मिळत नसेल तर त्या मात्रेवरचा खर्ज गाळा. आधीच्या मात्रेचा खर्ज गुंजतच असतो, कोणाला पत्ता लागत नाही. लिव्हर हार्पसाठी बसवलेल्या चालींत असे गाळलेले सूर पुष्कळ असतात.


करंगळी बेकार:

कोणाला पत्ता लागत नाही, फक्त आता आम्हा सगळ्यांना लागणार.

लिव्हर परत वर करायची जागाही आत्ताच पेन्सिलने लिहून ठेवा. खाली करायचा सगळ्यांच्या लक्षात राहतो. वर करायचा राहतो आणि पुढचा एफ शार्प शार्प न येता साधा येतो. मी पेडलवर हे दर आठवड्याला करतो.


ओंजळ:

लिहिली. खाली करण्याला खालचा बाण, वर करण्याला वरचा. आज वरचा बाण तीनदा विसरलो. उद्या लिव्हरचा नुसताच सराव, गुणगुणत.